जुन्या जीपगाडीचें इंजिन : बांधावें कीं बदलावें ?

जुनी जीपगाडी घरीं येते ती बहुधा दोन मार्गांनीं. कोणास ती वडिलांकडून वारसाहक्कानें मिळते. कोणी ती एखाद्या बागाइतदाराच्या गोठ्यामागें, ताडपत्रीखालीं, कोंबड्यांच्या सहवासांत पडलेली पाहतो आणि मोहानें विकत घेतो. मार्ग कोणताही असो, महिना उलटण्याच्या आंत मालकापुढें एकच प्रश्न उभा राहतो. गाडी चढावर धापा टाकते, मागून निळसर धूर सोडते, आणि कारखान्यांतील मिस्त्री हात पुसतां पुसतां सांगतो, "साहेब, हें इंजिन संपलें. काढून टाका. एखादें डिझेल बसवून देतों, म्हणजे कटकट मिटली." मालक घरीं येऊन कागदावर आंकडे मांडूं लागतो, आणि घरांतील माणसें त्याच्याकडे थोड्या काळजीनें पाहूं लागतात.

प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. परंतु त्यांत गाडीची ओळख, तिची सरकारदरबारची नोंद व तिच्यांत बसणाऱ्यांचा जीव या तीनही गोष्टी गुंतलेल्या असतात. शिवाय इंजिन बांधण्याचा निर्णय चुकला तर खर्च वायां जातो, इतकेंच. बदलण्याचा निर्णय चुकला तर सांगाड्याचे कापलेले भाग पुन्हां जुळत नाहींत. म्हणून घाईनें ठरवण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

या गाडीच्या जन्मकथेंत इंजिनाचें महत्त्व मोठें आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यास हलकी, चारही चाकें ओढणारी गाडी हवी होती. विलिस-ओव्हरलँड कंपनीची गाडी त्या स्पर्धेंत पुढें आली ती मुख्यत्वेंकरून इंजिनाच्या जोरावर. १९३८ सालीं त्या कंपनींत आलेले अभियंते डेल्मर रूस यांना तेथें ४८ अश्वशक्तीचें एक सामान्य मोटारीचें इंजिन मिळालें. पिस्टन हलके करून, मापें अधिक काटेकोर करून व धातु सुधारून त्यांनीं त्यांतूनच ६० अश्वशक्ति काढली. हेंच तें 'गो-डेव्हिल' इंजिन. चार सिलिंडर, २,१९९ घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर, तर पिस्टनची धांव १११.१ मिलिमीटर. व्यासाहून धांव इतकी मोठी असल्यामुळें तें पळण्यांत फारसें तरबेज नाहीं. पण मिनिटास २,००० फेऱ्यांच्या आसपासच त्याचा ओढण्याचा जोर सर्वांत अधिक असतो, आणि चिखलांतून किंवा घाटांतून जाणाऱ्या गाडीस तोच हवा असतो. युद्धकाळांत विलिसनें सुमारे ३ लाख ६० हजार व फोर्डनें विलिसच्याच आराखड्यावर सुमारे २ लाख ८० हजार गाड्या बांधल्या.

महाराष्ट्राशीं या गाडीचा संबंध जुना आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेली सीजे-३बी ही गाडी पुढें मुंबईंत तयार होऊं लागली आणि मूळ देशांत ती बंद पडल्यावरही येथें चालूच राहिली. तिच्यांतील 'हरिकेन' इंजिन म्हणजे जुन्याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ति होय. जुन्यांत दोन्ही व्हाल्व्ह सिलिंडरच्या शेजारीं ब्लॉकांत होते. नव्यांत आंत घेणारा व्हाल्व्ह वर हेडांत गेला आणि धूर बाहेर सोडणारा खालींच राहिला. त्यानें ताकद वाढली, पण इंजिनही उंच झालें. म्हणूनच सीजे-३बी चें बॉनेट इतकें उंच, काहींसें बेढब दिसतें. पुढें पेट्रोल महाग झाल्यावर गांवोगांवच्या कारखान्यांत पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवण्याचा धंदाच सुरू झाला. स्वतः कंपनीनेंही पुढच्या गाड्यांत पूजो जातीचें २,११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन घातलें. यामुळें मिस्त्रीचा सल्ला अगदींच अडाणीपणाचा ठरत नाहीं. त्यामागें कित्येक वर्षांची वहिवाट आहे.

तथापि 'इंजिन संपलें' हें विधान मान्य करण्यापूर्वीं त्याचा पुरावा मागावा. मृत ठरवलेलीं पुष्कळ इंजिनें केवळ उपाशी असतात. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीच्या टाकींत गंज साठतो, कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजतात. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण अमलांत आलें. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल-पंपांतील पडदा यांना तें मानवत नाहीं. पडदा फाटला कीं चढावर पेट्रोल पुरत नाहीं, आणि दोष मात्र बिचाऱ्या पिस्टनच्या माथीं येतो. युद्धकाळच्या गाड्यांत विजेचा दाब अवघा ६ व्होल्ट असतो. तेथें एखादी तार बारीक घातली किंवा जोड गंजला, कीं इंजिन सुरूच होत नाहीं.

एवढें निस्तरूनही गाडी अशक्तच राहिली तर दाबाची परीक्षा करावी. इंजिन गरम असतांना चारही प्लग काढावे, कार्ब्युरेटरची झांप पूर्ण उघडी ठेवावी आणि एकेका छिद्रांत दाबमापक धरून स्टार्टर फिरवावा. गो-डेव्हिल इंजिनांत हा दाब दर चौरस इंचास सुमारे ११० पौंड असावा, आणि चार सिलिंडरांत एकमेकांशीं १० पौंडांहून अधिक तफावत नसावी. दाब कमी भरला, तर त्या सिलिंडरांत चमचाभर इंजिन-तेल घालून पुन्हां मोजावें. तेलामुळें दाब चढला, तर गळती रिंगांवाटे आहे. चढला नाहीं, तर व्हाल्व्हमधून आहे. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडलेले असतील, तर मधलें गास्केट जळलेलें असण्याचा संभव अधिक. या तीन निदानांच्या खर्चांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. व्हाल्व्ह घांसून बसवणें हें दोन दिवसांचें काम. त्यासाठीं कोणी इंजिन फेकून देऊं नये.

धुराचेंही वाचन करतां येतें. गाडी ओढतांना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा व बोअर झिजले आहेत. लांब उतार संपवून पुन्हां अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच निळा लोट एकदांच येत असेल, तर व्हाल्व्हचे गाइड सैल आहेत. आंतून ठोके ऐकूं येत असतील, तर एकेका प्लगची तार थोडा वेळ काढून पहावी; ज्या सिलिंडरची तार काढतांच ठोका मंदावतो, तेथील कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें असें समजावें.

मग इंजिन उघडावें लागतें, आणि खरा निकाल येथें लागतो. बोअर झिजलेला असणें ही मोठी आपत्ति नव्हे. हें इंजिन पुन्हां पुन्हां बांधतां यावें अशाच हिशेबानें केलेलें आहे : बोअर इंचाच्या हजारांश भागांनीं १०, २०, ३०, ४० असा वाढवून त्या त्या मापाचे पिस्टन घालतां येतात, आणि ती मर्यादा संपली तर स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येतां येतें. क्रँकही घांसून कमी मापाचीं बेअरिंगें बसवतां येतात. भय असतें तें एकाच गोष्टीचें, तें म्हणजे ब्लॉकला गेलेल्या तड्याचें. ज्या इंजिनांत व्हाल्व्ह ब्लॉकांत असतात, त्यांत धुराच्या व्हाल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधील धातूची भिंत सर्वांत अधिक तापते. पाण्याविना गाडी एकदां जरी चालवली गेली असेल, तरी तेथें तडा जाऊं शकतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. ब्लॉक स्वच्छ करून, पाण्याच्या वाटा बंद करून, आंत दाब भरून तपासावा. चुंबकीय भुकटीची परीक्षा करणारें यंत्र शहरांतील मोठ्या कारखान्यांत असतें. बोअर वाढवण्यापूर्वीं ही परीक्षा झालीच पाहिजे. पिस्टन आणून, बोअरिंग करून झाल्यावर तडा सांपडल्याच्या कहाण्या या छंदांत थोड्या नाहींत.

बांधतांना आणखी एक दक्षता घ्यावी. पूर्वींच्या पेट्रोलांतील शिसें व्हाल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिचें रक्षण करीत असे. १ फेब्रुवारी २००० पासून भारतांत सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आलें. तेव्हां धुराच्या व्हाल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या आहेत ना, हें पाहून नसल्यास तशा बसवाव्या. ब्लॉक यंत्रावर असतांना या कामाचा भार थोडाच पडतो.

आतां दुसरी बाजू. इंजिन बदलण्याचा जो भाव मिस्त्री सांगतो, तो बहुधा इंजिनाचा असतो, बदलाचा नव्हे. नवें इंजिन जुन्या आधारांवर बसत नाहीं, म्हणून सांगाड्यास नवे आधार जोडावे लागतात. त्याचें तोंड जुन्या गिअरपेटीशीं जुळत नाहीं. मध्यें जोडपट्टी घालावी लागते, आणि ती केसभर तिरपी बसली तरी क्लच व गिअरपेटीचें पुढचें बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडूं लागतें. इंजिनाखालचें तेलपात्र पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळूं नये म्हणून इंजिन उचलावें, तर बॉनेट लागतें. मागें सरकवावें, तर पंख्यास रेडिएटरचा वारा पुरत नाहीं. डिझेल इंजिन वजनदार. त्याच्यासाठीं पुढचे पाटे बदलावे लागतात. त्याचा दाब इतका मोठा कीं ६ व्होल्टची बॅटरी तें फिरवूं शकत नाहीं. मग सारी विजेची व्यवस्था १२ व्होल्टवर न्यावी लागते. एका कामाच्या शेपटीस दुसरें काम बांधलेलें असतें, आणि कारखान्यांत अर्धवट उघडून पडलेल्या जीपगाड्या पाहिल्या तर त्यांपैकीं पुष्कळ याच शेपटींत अडकलेल्या आढळतात.

वेगाचा हिशेब तर क्वचितच कोणी करतो. सीजे-३बी च्या मागच्या डिफरन्शियलचें प्रमाण ५.३८ ला १ असें आहे. १६ इंची चाकांवर, वरच्या गिअरमध्यें, इंजिनाच्या मिनिटास २,००० फेऱ्या होतात तेव्हां गाडी ताशी सुमारे ५० किलोमीटर चालते. ज्या संथ डिझेल इंजिनाची धांव २,००० फेऱ्यांच्या जवळपासच संपते, तें घातलें तर गाडी महामार्गावर बैलगाड्यांच्या सोबतीस राहील. उलट एखादें चपळ, दुप्पट ताकदीचें इंजिन घातलें, तर दुसराच धोका. युद्धकाळच्या जीपचे ब्रेक ९ इंची ड्रमचे. सुमारे १,१०० किलो वजनाची गाडी ६० अश्वशक्तीनें जितकी पळेल, तितकीच थांबवण्यासाठीं ते केलेले आहेत. इंजिन वाढवून ब्रेक तसेच ठेवणें हा निव्वळ अविचार होय. घाटाचा उतार त्याची किंमत वसूल करतो.

कायद्याकडेही पाहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करतां येत नाहीं. परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नव्या इंजिनाची नोंद करावी लागते. तशी नोंद नसलेल्या गाडीस अपघात झाला, तर विम्याची भरपाई मिळण्यांतही अडचणी उद्भवतात. शिवाय २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. तिची अटच अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी. सांगाडा, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं, प्रदर्शनें वगैरे ठराविक निमित्तांसच ती रस्त्यावर येते. तेव्हां गाडी शेतावर रोज राबवायची आहे, कीं वर्षांतून चार वेळां मिरवायची आहे, हें मालकानें आधीं ठरवावें. इंजिनाचा प्रश्न त्यानंतरचा.

मूळपणाच्या हट्टासही मात्र मर्यादा असावी. कांहीं संग्राहक सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक एकच असावा असा आग्रह धरतात. फोर्डनें बांधलेल्या गाड्यांत तो एकच असे, हें खरें. विलिसच्या गाड्यांत मात्र ते दोन क्रमांक कारखान्यांतून निघतांनाच निराळे होते. आणि सैन्यांत तर इंजिन बदलणें हा नित्याचा व्यवहार होता. नादुरुस्त इंजिन उतरवून दुसरें बांधलेलें चढवीत. विलिसचें फोर्डांत, फोर्डचें विलिसांत. दोघांचे भाग एकमेकांत बसावेत अशीच योजना होती.

यांतूनच तिसरी वाट निघते, आणि ब्लॉक फुटलेला असल्यास तीच बहुधा सर्वांत शहाणपणाची. इंजिन बदलावें, पण जात बदलूं नये. त्याच कुळांतील दुसरें इंजिन मिळवून बांधलें, तर आधार, क्लच, गिअरपेटी यांपैकीं कशासही हात लावावा लागत नाहीं. गो-डेव्हिलच्या जागीं हरिकेनही बसतें. अडचण येते ती बॉनेटच्या उंचीची. नव्या क्रमांकाची नोंद मात्र येथेंही करून घ्यावी लागते. आणि ज्या गाडींत मागील पिढीनेंच डिझेल चढवलें आहे, नोंदही रीतसर आहे, आणि गाडी तीस वर्षें विनातक्रार बाग सांभाळीत आहे, तिच्यांत पुन्हां पेट्रोल इंजिन घालण्याचा खटाटोप मूळपणाच्या नांवाखालीं करण्यांत फारसा अर्थ नाहीं. तें डिझेलच आतां त्या गाडीचें इंजिन झालेलें असतें.

सर्व बाजू पाहून बदल करायचाच ठरला, तर सांगाडा कापूं नये. नवे आधार बोल्टांनीं आवळावे. उतरवलेलें इंजिन मिस्त्रीकडे भंगारभावानें ठेवून येऊं नये. प्लगच्या छिद्रांतून थोडें तेल घालून, सर्व तोंडें लाकडी बुचांनीं व मेणकापडानें बंद करून, तें एका भक्कम चौकटीवर कोरड्या जागीं ठेवावें आणि दर दोन महिन्यांनीं क्रँक हातानें एकदोनदां फिरवावा.