विश्लेषण : ‘बायपॅप’चा पहिला तास इतका महत्त्वाचा का?

धाप लागलेल्या रुग्णाला ‘बायपॅप’ लावला, मॉनिटरवर ऑक्सिजन ९४ दिसू लागला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण मास्क पुरेसा पडणार नाही याच्या खुणा त्याच वेळी दिसत असू शकतात. कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणी, जिथे अत्यवस्थ रुग्णाला अनेकदा कळवा किंवा मुंबईला हलवावे लागते, तिथे या खुणा वेळेत ओळखणे अधिकच गरजेचे ठरते.

बायपॅप काय करतो?

घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दोन दाबांनी हवा दिली जाते. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. घशात नळी न घालता थकलेल्या स्नायूंना हातभार लागतो. धूम्रपानाने वा चुलीच्या धुराने झालेल्या ‘सीओपीडी’त आणि हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साचल्यास त्याचा चांगला उपयोग होतो. न्यूमोनियात मात्र तेवढा भरवसा देता येत नाही.

अपयशाचा अंदाज कसा बांधतात?

चीनमधील चोंगकिंगच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘हॅकोर’ ही गुणपद्धती मांडली. नाडी, रक्ताचा पीएच, शुद्ध, रक्तातील ऑक्सिजन आणि श्वासाचा वेग या पाच गोष्टींना मिळून २५ गुण. मास्क लावल्यानंतर तासाभराने बेरीज ५ च्या वर असेल, तर मास्क अपयशी ठरण्याची शक्यता मोठी.

समजा, रुग्ण शुद्धीवर आहे, पीएच ठीक आहे. नाडी १२४ (१ गुण), श्वास मिनिटाला ३४ (१ गुण). मास्कमधून ५० टक्के ऑक्सिजन देऊनही धमनीतील ऑक्सिजनचा दाब ७०. दोन्हींचे गुणोत्तर १४० (४ गुण). बेरीज ६. बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९४ च्या आसपासच दाखवेल!

२५ पैकी तब्बल १० गुण शुद्धीचे आहेत. रात्रभर तळमळणारा रुग्ण पहाटे गुंगीत गेला की ‘आता शांत झोप लागली’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो.

उशीर झाला तर?

त्याच अभ्यासात ५ पेक्षा जास्त गुण असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना १२ तासांच्या आत नळी घातली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ६६ टक्के होते. त्यानंतर घातलेल्यांत ७९ टक्के. दोन्ही आकडे भयंकरच, कारण हे रुग्ण मुळातच अत्यवस्थ होते. शिवाय एका रुग्णालयाचा हा अनुभव डोळे झाकून सगळीकडे लावता येत नाही. सीओपीडीच्या रुग्णांत तर तास-दोन तासांनी पीएच सुधारतो का, श्वासाचा वेग उतरतो का, हे आधी पाहिले जाते.

ठाणे जिल्ह्यात याचा संबंध काय?

कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये. तिथून गंभीर रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवले जातात. कळव्यावर आधीच किती ताण आहे, हे ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ मृत्यू झाले तेव्हा राज्याने पाहिले. त्यात रस्त्याचा वेळ. शिळफाट्याची कोंडी कुणाला सांगायला नको.

रुग्णवाहिकाही कोणतीही चालत नाही. राज्यात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ पैकी २३३ रुग्णवाहिकाच व्हेंटिलेटरसह प्रगत सोयींच्या होत्या. मास्कवर तग धरणारा रुग्ण वाटेत कोसळला, तर हलत्या गाडीत नळी घालणे अतिशय अवघड. म्हणून बेरीज वाढताना दिसली की खाटेची चौकशी, रुग्णवाहिका आणि नळी घालण्यासाठी नातेवाइकांची संमती ही तिन्ही कामे एकाच वेळी सुरू करावी लागतात.

नातेवाइकांनी काय विचारावे?

‘ऑक्सिजन किती?’ एवढ्यावर थांबू नये. श्वासाचा वेग तासाभरात उतरला का, रक्तवायूंची तपासणी (एबीजी) पुन्हा कधी होणार आणि मास्क पुरेसा पडला नाही तर व्हेंटिलेटर इथेच आहे की दुसरीकडे, हे पहिल्या तासातच विचारावे. आणि डॉक्टरांना न विचारता चहाचा घोट पाजायला मास्क काढू नये.