शहामृग कोणता आणि इमू कोणता?

मुलांनो, या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी तारेच्या कुंपणात उंच मानेचे पक्षी पाळले होते. अंडी, मांस आणि तेल विकून घरात पैसा येईल, अशी आशा होती. पण गिऱ्हाईक मिळेना, खाद्याचा खर्च सुटेना. २०१२ च्या सुमारास धंदा बसला आणि कित्येकांच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहिले. रस्त्याने जाणारी माणसे त्या पक्ष्यांना खुशाल शहामृग म्हणत. पण ते शहामृग नव्हते, इमू होते.

घोटाळा होतो याचे नवल नाही. दोघांची मान लांब, पाय लांब. दोघांनाही उडता येत नाही आणि दोघेही जोरात पळतात. शहामृग आफ्रिकेतला, इमू ऑस्ट्रेलियातला.

पक्की खूण पायाशी आहे. शहामृगाच्या पायाला बोटे दोनच, इमूच्या पायाला तीन. गुरुजींनी ही दोन पावले फळ्यावर काढून दाखवावीत. मग मूल विसरणार नाही.

गवतामुळे पाय दिसत नसतील तर अंगाकडे पाहा. शहामृग नऊ फुटांपर्यंत वाढतो आणि वजन शंभर किलोच्या वर जाते. नर काळा, पंखांची व शेपटीची पिसे पांढरी. मादी करड्या-तपकिरी रंगाची. मांड्या उघड्या. इमू पाच-सहा फुटांचा, वजन चाळीस-पन्नास किलो. त्याच्या एका देठाला दोन-दोन मोकळी पिसे असतात, त्यामुळे तो गवताने शाकारलेल्या झोपडीसारखा दिसतो. पंख इतके लहान, की त्या पिसांत शोधावे लागतात.

इमूचे नर-मादी दिसायला सारखेच. ओळखायचे ते आवाजावरून: मादी गळ्यातून ढोल वाजवल्यासारखी घुमते, नर नुसता घुरघुरतो. आवाज न ऐकता ‘जोडी’ घेतली तर पदरात दोन नर पडायचे!

अंड्यांत तर चूक होणेच शक्य नाही. शहामृगाचे अंडे सायीच्या रंगाचे, सुमारे दीड किलोचे. इमूचे गडद हिरवे, अर्धा किलो किंवा थोडे जास्त. शहामृगाची मादी दिवसा अंडी उबवते, नर रात्री. इमूचा नर मात्र एकटाच सुमारे आठ आठवडे बसतो, आणि तेही जवळजवळ अन्नपाण्यावाचून. पट्ट्यापट्ट्यांची पिल्ले बाहेर आली, की त्यांना सांभाळतोही तोच.

आता एक गंमत सांगतो. आपल्याकडे इमू आला तो माणसाने आणला म्हणून. पण शहामृग एके काळी इथलाच होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, राजस्थान व मध्य प्रदेशात सापडलेली जुनी कवचे तपासून ती शहामृगाचीच असल्याचे सिद्ध झाले. आपल्या जवळचे ठिकाण म्हणाल तर मनमाडहून भुसावळकडे जाताना नांदगावच्या पुढे चाळीसगाव लागते. त्या तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. तिथे डॉ. एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने ते घडवले होते. कवचाच्या एका तुकड्यावर त्याने आडव्या-तिरप्या रेघांची नक्षीही कोरलेली आहे.