डोंगर आणि दर्यामधले जिनोआ

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया प्रांताची राजधानी म्हणजे जिनोआ. ॲपेनाइन्सचे डोंगर इथे थेट समुद्राला येऊन भिडतात. मागे कडे, पुढे पाणी आणि मध्ये शहराला पोसेल इतकी शेतजमीनच नाही. त्यामुळे इथल्या माणसांनी पोटापाण्यासाठी दर्या धरला. जिनोआच्या श्रीमंतीचे आणि तिथल्या उंच, खेटून उभ्या इमारतींचे मूळ याच अडचणीत आहे.

अकराव्या शतकाच्या अखेरीस इथे प्रजासत्ताक आकाराला आले आणि सुमारे सातशे वर्षे, १७९७ पर्यंत, टिकले. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत जिनोआने पिसाचे आरमार बुडवले. व्हेनिसशी वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्याच वैरात पकडला गेलेला मार्को पोलो १२९८ मध्ये इथल्या कैदेत होता आणि तिथेच त्याने रुस्तिचेल्लो या पिसाच्या कैद्याला आपल्या प्रवासाची हकीगत सांगितली. काळ्या समुद्रावर क्रिमियातील काफापर्यंत जिनोआच्या वखारी होत्या. इस्तंबूलचा गलाता मनोरा याच व्यापाऱ्यांनी १३४८ मध्ये बांधला. या सागरी वाटांनीच १३४७ मध्ये प्लेगही इटलीत आला.

तलवारीपेक्षा जिनोआचा पैसा अधिक दूर पोहोचला. १४०७ मध्ये सेंट जॉर्जची पेढी स्थापन झाली. राज्याला कर्ज देणाऱ्या सावकारांनीच ती चालवली आणि कर्जाच्या फेडीसाठी कर वसूल करण्याचे हक्कही तिच्याकडे आले. पुढे कॉर्सिका बेटाचा कारभारही काही काळ या पेढीकडे होता. १४५१ मध्ये याच शहरात कोलंबस जन्मला, पण त्याला जहाजे दिली स्पेनने. १५२८ मध्ये आंद्रेआ दोरिया या आरमारप्रमुखाने प्रजासत्ताकाची घडी नव्याने बसवून स्पेनशी हातमिळवणी केली. तेव्हापासून शतकभर स्पेनचे राजे जिनोआच्या सावकारांच्या कर्जावर लढाया लढत राहिले आणि अमेरिकेतली चांदी इथे येत राहिली.

तो पैसा कुठे गेला, हे पाहायचे तर गारिबाल्दी मार्गावर जावे. सोळाव्या शतकाच्या मध्यात आखलेल्या या अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रासाद आहेत. उतारावर जागा नाही म्हणून वास्तुकारांनी अंगण, जिने आणि बाग एकावर एक चढत नेली. राज्याचा स्वतःचा अतिथी-महाल नव्हता. म्हणून १५७६ पासून खासगी प्रासादांच्या प्रतवार याद्या केल्या गेल्या आणि परदेशी पाहुणा आला की त्याच्या मानाप्रमाणे त्या-त्या प्रतीतून चिठ्ठी काढून यजमान ठरवला जाई. चिठ्ठी निघालेल्या घराने सरबराई करायची! चित्रकार रूबेन्सने या वास्तूंवर १६२२ मध्ये आराखड्यांचे पुस्तकच काढले. यांतील ४२ प्रासाद २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तुर्सी प्रासादात व्हायोलिनवादक निकोलो पागानिनीचे १७४३ साली घडवलेले व्हायोलिन जपून ठेवले आहे, तोही इथलाच.

नेपोलियनच्या काळात प्रजासत्ताक संपले आणि १८१५ मध्ये जिनोआ सार्डिनियाच्या राज्यात गेले. स्वातंत्र्याची ओढ मात्र गेली नाही. इटलीच्या एकीकरणाचा प्रणेता जोसेफ मॅझिनी १८०५ मध्ये इथे जन्मला. १८६० च्या मे महिन्यात गारिबाल्दी आपले हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीकडे निघाला तो इथल्या क्वार्तोच्या किनाऱ्यावरून. मॅझिनीचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. सावरकरांनी त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर केले. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. मॅझिनीचे जन्मघर आज संग्रहालय आहे.

त्याची समाधी स्तालिएनोच्या दफनभूमीत आहे. १८५१ मध्ये सुरू झालेल्या या दफनभूमीत धनिकांचे संगमरवरी पुतळे ओळीने उभे आहेत, पण लक्षात राहतो तो कातेरिना काम्पोदोनिको या फेरीवालीचा. जत्रांमध्ये सुकामेवा विकून साठवलेल्या पैशांतून तिने १८८१ मध्ये, जिवंतपणीच, स्वतःचा पुतळा करून घेतला. अंगावर झालरीची शाल, हातात विकायच्या माळा आणि कडबोळ्यासारखे पाव. त्या सगळ्या सरदार-सावकारांमध्ये ही बाई अधिक खरी वाटते.

जुन्या शहराच्या बोळांतून चालत सान लोरेन्झो कॅथेड्रलपर्यंत जाता येते. त्याच्या दर्शनी भिंतीवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत आणि आत एक तोफगोळा ठेवला आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी डागलेला हा गोळा छत फोडून आत पडला, पण फुटला नाही. बंदरावर १५४३ साली पुन्हा बांधलेले, ७७ मीटर उंचीचे लांतेर्ना दीपगृह अजूनही जहाजांना वाट दाखवते. कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षे झाली तेव्हा, १९९२ मध्ये, इथलेच वास्तुकार रेन्झो पियानो यांनी जुन्या बंदराचा कायापालट केला. तिथले मत्स्यालय तेव्हाचे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांदी पूल कोसळून ४३ माणसे दगावली. त्याजागी पियानो यांनीच आराखडा दिलेला नवा पूल दोन वर्षांच्या आत उभा राहिला.

वर्षातून काही दिवस एरवी बंद असणारे प्रासादही लोकांसाठी उघडतात. जिनोआला जायचे असेल तर ते दिवस साधून जावे आणि अर्धा दिवस तरी स्तालिएनोसाठी राखून ठेवावा.