एका चुलीवर चार पथ्यें

आमच्या कंधारच्या घरांत स्वयंपाकघराच्या दाराच्या आंतल्या बाजूस चार कागद डकवलेले आहेत. पहिला थोरल्या काकांच्या मधुमेहाचा, दुसरा त्यांच्याच रक्तदाबाचा, तिसरा त्यांच्याच मूत्रपिंडांचा, आणि चौथा काकूंच्या हृदयाचा. पहिला म्हणतो, भात कमी करा, डाळी, उसळी व पालेभाज्या भरपूर खा. दुसरा म्हणतो, मीठ सोडा, फळें व दहीदूध वाढवा. तिसऱ्यानें डाळ मोजून दिली आहे आणि केळें, नारळपाणी, टमाटा व पालक यांवर तांबडी फुली मारली आहे. चौथ्यावर कोणीतरी पेन्सिलीनें 'पालेभाजी बंद' असें लिहून ठेवलें आहे. ह्या चार कागदांशेजारीं उभ्या राहून आमच्या धाकट्या वहिनी रोज सकाळीं अकरा माणसांचा स्वयंपाक करीत. आणि त्यांच्या स्वतःच्या रक्तांत लोह कमी असल्यामुळें त्यांना पालेभाजी अधिक खाण्यास सांगितलेलें होतें!

ही कथा केवळ आमच्याच घरची असती तर ती मासिकांत लिहिण्याचें धाडस आम्हीं केलें नसतें. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनें देशांत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला आहे, आणि रक्तदाबाचें प्रमाण प्रौढांत शेंकडा पस्तिसांवर. हे दोन पाहुणे ज्या शरीरांत बरींच वर्षें राहतात तेथें मूत्रपिंडें कालांतरानें दुबळीं होण्याचा संभव फार. तेव्हां काकांसारखीं माणसें आमच्या वाचकांच्या घरोघरीं असणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

पथ्य हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहावर जवाच्या अन्नाची भलावण आहे. पाश्चात्त्यांकडे १९२२ सालीं इन्शुलिन हातीं येण्यापूर्वीं ॲलन नांवाच्या वैद्यानें मधुमेह्यांना जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं काळ जगवण्याची रीत काढली होती. पुढें १९३९ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत केम्पनर यांनीं मूत्रपिंडें व रक्तदाब यांच्या रोग्यांना भात, फळें व साखर यांवर ठेवण्यास आरंभ केला. आणि आजच्या मधुमेहाच्या कागदावर पाहावें तर नेमके हेच तीन पदार्थ प्रथम खोडलेले! १९९७ सालीं रक्तदाबाकरितां जो फळें, भाज्या व दूध यांचा प्रसिद्ध आहार पुढें आला, तो ज्यांचीं मूत्रपिंडें धड आहेत अशा लोकांवर पारखलेला होता. म्हणजे प्रत्येक पथ्य एका अवयवाकडे पाहून बांधलेलें. माणूस मात्र सगळे अवयव घेऊन एकाच पाटावर जेवावयास बसतो.

आमचे काका निवृत्त शाळामास्तर. लेखी आज्ञा म्हटली कीं ती पाळावयाची, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. त्यांनीं तिन्ही कागद समोर ठेवले आणि ज्या पदार्थावर कोठल्याहि एका कागदानें फुली मारली असेल तो सोडला. पहिल्यानें भात गेला, तिसऱ्यानें डाळ, उसळ व फळें गेलीं, दुसऱ्यानें मीठ गेलें. उरली ज्वारीची पेज आणि दुधीची भाजी. चार महिन्यांत वजन सहा किलोनें उतरलें. रोज किल्ल्याच्या खंदकाच्या कांठानें फेरी मारणारा मनुष्य ओसरीच्या पायरीवर बसून राहूं लागला. काकू म्हणत, "अहो, दोन घांस तरी नीट खा." त्यावर ते दाराकडे बोट दाखवीत. एके रात्रीं दोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणें अडखळलें. साखर भलतीच उतरली होती. अन्न निम्म्यावर आलें, पण इन्शुलिनची मात्रा पूर्वींचीच चालू होती. शिवाय मूत्रपिंडें मंद झालीं म्हणजे इन्शुलिन शरीरांत अधिक वेळ रेंगाळतें, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. पथ्य बदललें तर औषधाची मात्रा त्याच दिवशीं डॉक्टरांना विचारली पाहिजे, ही गोष्ट चारांपैकीं एकाहि कागदावर नव्हती.

त्याहून मोठी चूक आम्हीं प्रेमापोटीं केली. बिनमिठाचें जेवण काकांच्या घशाखालीं उतरेना, म्हणून आमच्या पुतण्यानें नांदेडहून कमी सोडियमचें मीठ आणलें. घरांत त्याचें केवढें कौतुक झालें! काका महिन्यांत प्रथमच वरण चवीनें जेवले. तीन आठवड्यांनीं त्यांचे पाय लुळे पडल्यासारखे झाले व नाडी मंद लागूं लागली. तशाच अवस्थेंत सुमारे ५० किलोमीटर गाडी करून त्यांना नांदेडला नेलें. रक्तांतील पोटॅशियम, जें साडेतीन ते पांच असावें, तें ६.३ झालें होतें. ह्या मिठांत सोडियमचा कांहीं भाग काढून त्याजागीं पोटॅशियम घातलेलें असतें. धडधाकट मूत्रपिंडें तें बाहेर टाकतात. दुबळीं टाकूं शकत नाहींत, आणि रक्तदाबाच्या कांहीं गोळ्याहि पोटॅशियम वाढवतात. तें फार चढलें तर हृदयाची गति एकाएकीं थांबूं शकते. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२५ मध्यें अशा मिठाची शिफारस केली खरी, पण मूत्रपिंडाचे रोगी त्यांतून स्पष्टपणें वगळले आहेत. काका त्या खेपेस बचावले. पुतण्या मात्र पुष्कळ दिवस त्यांच्या समोर येत नसे. (सैंधव चालेल काय, असें विचारणाऱ्या भगिनींसाठीं येथेंच सांगून टाकतों : सैंधव हेंहि बहुतेक सोडियमचेंच मीठ आहे. तें उपवासाला चालतें म्हणून रक्तदाबाला चालतें असें नाहीं.)

ह्यानंतर आम्हांला नांदेडच्या एका आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनीं चारी कागद, सगळ्या गोळ्या आणि सहा महिन्यांचे रक्ताचे अहवाल एकाच टेबलावर मांडून घेतले. आजवर हें कोणीं केलें नव्हतें; आम्हींहि नाहीं. मग त्या म्हणाल्या, "काका, ह्यांत सर्वांत लौकर दगा देणारें कोण, तें प्रथम पाहूं. तुमचें पोटॅशियम. त्याच्यापाठोपाठ रात्रीं उतरणारी साखर. बाकीच्यांना थोडी कळ काढतां येते." दुसरें त्यांनीं असें सांगितलें कीं, पथ्य रोगाच्या नांवावरून ठरत नाहीं, अहवालावरून ठरतें. मूत्रपिंडें दुबळीं असूनहि ज्यांचें पोटॅशियम ठीक आहे त्यांनीं फळभाज्या टाकण्याचें कारण नसतें. आणि आज बंद केलेली वस्तु पुढच्या अहवालानंतर परत येऊं शकते. हें ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो आम्ही विसरणार नाहीं. 'परत येऊं शकते' हे शब्द त्यांनीं दोनदां म्हणवून घेतले.

तिसरी युक्ति आम्हांला सर्वांत उपयोगी पडली. भांडणारीं पथ्यें ज्या गोष्टींवर एकमत आहेत, तेथून आरंभ करावयाचा. पापड, लोणचें, फरसाण, बिस्किटें, पाकिटांतील तयार पदार्थ, यांच्या बाजूनें चारांपैकीं एकहि कागद बोलत नाहीं. पापडांत मीठ असतेंच, वर पापडखारांतूनहि सोडियम येतें. पाकिटांतल्या पदार्थांत टिकण्याकरितां जीं फॉस्फेटें घालतात तीं शरीरांत जवळजवळ सगळीं शोषलीं जातात. डाळी व धान्यें यांतील फॉस्फरसाचा मात्र बराच भाग शोषला जात नाहीं. उन्हाळ्यांत गच्चीभर पापड घालणाऱ्या आमच्या घराला हें जड गेलें, हें कबूल केलें पाहिजे.

आतां ज्वारीच्या भाकरीचा प्रश्न. तिसऱ्या कागदाला पांढरा भात प्रिय, कारण त्यांत पोटॅशियम व फॉस्फरस थोडें. पहिल्याला भाकरी प्रिय, कारण तींत चोथा अधिक. बाईंनीं दोन्ही ठेवलीं व मोजून दिलीं. भाकरीचा एक मोठा गुण त्यांनीं दाखवला, जो आमच्या लक्षांतच आला नव्हता : भाकरीच्या पिठांत आपण मीठ घालीतच नाहीं! काकांचें वजन तेव्हां ५० किलो. डायलिसिसवर नसलेल्या अशा रोग्याला किलोमागें ०.८ ग्रॅम प्रथिनें, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. हा हिशेब काकांनीं शाळेच्या जुन्या वहीच्या पाठपानावर स्वतः मांडला. दीडशें ग्रॅम पिठाच्या तीन भाकरींतून १५, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळींतून ११, पन्नास ग्रॅम तांदळांतून ४, पाव लिटर दुधाच्या दूध-दह्या-ताकांतून ८, भाज्यांतून २. बेरीज बरोबर ४०. म्हणजे चार महिने ज्या वरणाला ते वंचित झाले होते, तें दोन वाट्या त्यांच्या वांट्याचेंच होतें. हे आंकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांशीं आम्हीं ताडून पाहिले. ५२८ खाद्यपदार्थांचा तो ग्रंथ पंचांगाशेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. अर्थात् हा हिशेब काकांचा आहे; डायलिसिस चालू झालें कीं प्रथिनें उलट वाढवावीं लागतात, तेव्हां कोणीं तो जसाच्या तसा उचलूं नये.

भाजीची रीत वहिनींनीं बसवली. बटाटा किंवा रताळें सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यांत उकळावयाचें आणि तें पाणी ओतून द्यावयाचें. बरेंचसें पोटॅशियम पाण्यांत जातें. त्याबरोबर कांहीं जीवनसत्त्वेंहि जातात, म्हणून ही रीत केवळ काकांपुरती. सर्वांची भाजी एकच शिजते. मीठ शेवटीं पडतें आणि त्याआधीं काकांची वाटी काढून ठेवली जाते. तिला हिंग-जिऱ्याची चुरचुरीत फोडणी, वर लिंबाचे थेंब व कोथिंबीर. पहिले पंधरा दिवस काका मुकाट्यानें जेवले. महिन्यानंतर म्हणाले, "त्या लग्नांतली आमटी खारट होती काय?" जिभेला कमी मिठाची संवय लागते ती अशी. रात्रीं साखर उतरल्यास देण्याकरितां उशाशीं तीन चमचे साखरेची पुडी असते. नारळपाणी अथवा संत्र्याचा रस देऊं नये, कारण साखर सांवरतां सांवरतां पोटॅशियम चढावयाचें.

काकूंच्या कागदावरची पेन्सिल तर निव्वळ गैरसमजाची निघाली. त्यांच्या हृदयांत कृत्रिम झडप आहे व रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या घेतात. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व ह्या गोळीच्या उलट काम करतें, हें खरें. पण त्यावर उपाय पालेभाजी बंद करणें हा नव्हे, तर दर आठवड्यास सारखीच खाणें हा आहे. गोळीची मात्रा त्या बेतानें ठरवली जाते. हिंवाळ्यांत करडई, मेथी, चुका यांनीं बाजार भरला म्हणून रोज वाटीभर, आणि उन्हाळ्यांत महिनाभर कांहींच नाहीं, ह्या ओढाताणींत धोका आहे. आतां आठवड्यांतून ठरलेले तीन वार.

आणि ह्या एका चुकीच्या ओळीनें काय केलें पाहा. काकूंना पालेभाजी नको म्हणून दीड वर्ष घरांत तीच शिजेनाशी झाली, आणि ज्यांना ती हवी होती त्या वहिनी कोणाजवळ बोलल्या नाहींत. सासऱ्यांचें पथ्य, सासूबाईंचें पथ्य, आणि सर्वांच्या मागून उरलेलें आपण, हा क्रम त्यांनीं स्वतःच लावून घेतला होता. आम्हां पुरुषांपैकीं एकाच्याहि तें ध्यानांत येऊं नये, याची लाज वाटते. त्यांच्यासाठीं पांचवा कागद झाला : लोहाची गोळी, पालेभाजीवर लिंबू, जेवणालगतचा चहा बंद, आणि पहिल्या पंगतीला बसणें. शेवटचें कलम बाईंचें नव्हे, काकूंचें. आतां काकू आणि वहिनी शेजारीशेजारीं बसतात व वाढण्याचें काम पुतण्याकडे आहे.

जातां जातां एक गोष्ट शाकाहारी घरांनीं लक्षांत ठेवावी. काकांच्या तळपायांस मुंग्या येत, तो मधुमेहाचाच प्रताप असें सर्वांनीं धरलें होतें. तपासणींत ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालें. आपल्या आहारांत तें जवळजवळ केवळ दुधादह्याच्या बाजूनेंच येतें, आणि काकांनीं अनेक वर्षें घेतलेली मेटफॉर्मिनची गोळी तें आणखी कमी करते. इंजेक्शनें सुरू झाल्यावर मुंग्या बऱ्याच ओसरल्या. हा आजार पथ्याच्या कोठल्याच कागदांत नव्हता.

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला, घरचीं सगळीं मंडळी शेतावर गेलीं होतीं. कडब्याच्या कोपींत पूजा झाली. भज्जी म्हणजे ओल्या शेंगांचे दाणे, हरभरा, भाज्या, बेसन, चिंच. काकांच्या कागदाशीं भांडणाऱ्या वस्तूंचें संमेलनच! काकांनीं वही आणली होती. सकाळचें वरण त्यांनीं त्यासाठींच सोडलें होतें. अर्धी वाटी भज्जी, बाजरीचा एक उंडा, आणि बिनमिठाची वेगळी काढलेली आंबील. भज्जीची वाटी त्यांनीं चमच्यानें निपटून घेतली, मग वहिनींच्या ताटाकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तुझ्या कागदावर तर भज्जीला मुभा आहे. मग अर्धीच वाटी कां?" पुतण्यानें पळी उचलली.