३८७ पैकी ३०९

ऑफिसात कुणीतरी विजय हजारे ट्रॉफीचा स्कोअर बघत असतं आणि कुणीतरी विचारतं, "हे हजारे कुठले रे?" उत्तर ठरलेलं : बडोद्याचे! मी साताऱ्याची. शेजारधर्म म्हणून मला मध्ये पडावंच लागतं. बॉस, माणूस सांगलीचा! जन्म ११ मार्च १९१५, मास्तरांचं घर, आठ भावंडं. बडोदा नंतरचं. तेव्हा आयपीएल कुठलं? क्रिकेटवर पोट भरायचं तर बहुतेकांना संस्थानिकांचाच आधार.

आता १९४३ चा डिसेंबर घ्या. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी सामन्यांची फायनल. या स्पर्धेत टीम धर्मावर ठरायच्या : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांची 'रेस्ट'. (आज ऐकायलाही कसंतरीच वाटतं.) हजारे ख्रिश्चन, म्हणून 'रेस्ट'मध्ये. समोर हिंदू संघाचे विजय मर्चंट नाबाद २५० करून बसलेले. 'रेस्ट'वर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात टीमच्या ३८७ धावा झाल्या, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९! भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेकचा वाटा २१. मला खरं कौतुक या विवेकचंच वाटतं. टीमवर्क टीमवर्क म्हणून आपल्याला ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात ना, ते हेच असावं. मॅच मात्र हरले.

हरलेल्या मॅचमध्ये एकट्यानं उभं राहायचं, हे पुढेही चालूच राहिलं. जानेवारी १९४८, अॅडलेड. ऑस्ट्रेलियाच्या ६७४. हजारेंनी पहिल्या डावात ११६ केल्या, दुसऱ्यात १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात टीमच्या एकूण धावा होत्या २७७. म्हणजे बघा!

मग १९५२. फेब्रुवारीत मद्रासला, पंचविसाव्या कसोटीत, भारतानं पहिल्यांदा कसोटी जिंकली. समोर इंग्लंड, कॅप्टन हजारे, १२ विकेट्स विनू मंकड यांच्या. आणि जूनमध्ये लीड्सला त्याच इंग्लंडसमोर दुसऱ्या डावात शून्यावर चार आऊट! फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता. हजारे आले आणि दत्तू फडकरांबरोबर शंभराच्या वर भागीदारी करून त्यांनी निदान लाज राखली.

त्याच वर्षी जुलैमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन उभे होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. सांगली जिल्ह्याचं नाव तेव्हा चक्क 'दक्षिण सातारा' होतं, त्यामुळे १९५२ वर आम्ही सातारकर जरा जास्तच हक्क सांगतो.

कॅप्टनशिपनं हजारेंच्या बॅटिंगवर ओझं टाकलं, असं मर्चंट यांचं मत होतं. मला ते पटतं. शांत, मितभाषी माणूस. उत्तम काम करणाऱ्याला उचलून मॅनेजर करायचं, हे खूळ आजचं नाही तर! १९५३ मध्ये ते कसोटीतून थांबले : ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतकं, सरासरी ४७.६५. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात गेले.

अरे हो, एक राहिलंच. हजारे मध्यमगती बॉलिंगही करायचे. १९४७-४८ च्या त्या सीरिजमध्ये त्यांनी सिडनीला एका बॅट्समनचा त्रिफळा उडवला १३ वर, आणि अॅडलेडला पुन्हा त्याचाच, २०१ वर. बॅट्समन : डॉन ब्रॅडमन.