लाइट जाऊन आल्यावर चालू होतो का?

डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पायवाल्यांनी दर वाढवले. १६ जीबीचा पाय ५ बोर्ड १२० डॉलरवरून १४५ वर गेला आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी १ जीबीचा नवा बोर्ड ४५ डॉलरला आला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलल्या, झळ आम्हा छोट्या बोर्डवाल्यांना. ‘रॅम स्वस्त आहे, वाढव की’ असं जे वर्षानुवर्षं सुनावत आले, तेच आता थोडक्या मेमरीत कसं भागवायचं यावर व्याख्यानं झोडताहेत. या मंडळींना २००८ ते २०१८ या काळात, मी विहिरींवरचे मोबाइल स्टार्टर दुरुस्त करत फिरायचो तेव्हा, आमच्या केदारखेड्याला आणायला हवं होतं.

त्याआधीचं सांगण्यासारखं फारसं नाही. ८०५१ चिप पुस्तकात भेटायची, एलईडीची उघडझाप करायची, परीक्षा सुटायची. खरी मजा मोबाइल स्टार्टर शेतात आले तेव्हा सुरू झाली. पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या ‘नॅनो गणेश’ या स्टार्टरला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि नकलांचं पेव फुटलं. थ्री फेज लाइट रात्री-अपरात्री यायची. पूर्णेकाठच्या विहिरीवर अंधारात जाण्यापेक्षा घरून मेसेज टाकून मोटार चालू करणं कोणाला नको होतं? २०१२-१३ च्या दुष्काळात तर विहिरी तळाला गेलेल्या. जे काही पाझरेल त्यावर मोसंबी जगवायची. अशा वेळी स्टार्टर मुका झाला की माणूस रडकुंडीला यायचा.

‘भाऊ, रेंज तर फुल आहे,’ असा फोन यायचा. आणि असायचीच. स्टार्टरची पेटी उघडली की जीएसएम मोड्यूलवरचा बारका दिवा तीन-तीन सेकंदांनी लुकलुकताना दिसायचा, म्हणजे टॉवर सापडलेला. मी एकच विचारायचो : लाइट जाऊन आल्यावर चालू होतो का? होत असेल तर रॅमवर संशय, कारण लाइट गेली की रॅम कोरी होते. होत नसेल तर आधी सिम बघायचं. त्या वेळच्या कितीतरी सिमवर वीस-तीस मेसेजचीच जागा. ती कॉलर ट्यून, रिचार्ज ऑफर आणि राशिभविष्यानं भरायची. मालकानं पाठवलेलं ‘चालू’ बाहेरच ताटकळायचं. ट्रायनं सप्टेंबर २०११ मध्ये जाहिरातींच्या मेसेजवर बंधनं आणली खरी, पण स्टार्टरमधलं सिम डीएनडीत कोण नोंदवणार? मग सिम काढायचं, साध्या नोकियात घालायचं, इनबॉक्स साफ करून परत बसवायचं. वाचलेला मेसेज खोडायला प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते. ती न लिहिणारे एक कारखानदार मलाच म्हणाले होते, ‘तुमच्याकडच्या शेतकऱ्यांना वापरता येत नाही.’ चौदा वर्षं झाली, अजून विसरलेलो नाही.

रॅमचं दुखणं जास्त चिवट. स्वस्तातल्या पेट्यांत २५६ बाइट रॅमची चिप असायची. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, तो कसाबसा मावायचा. मराठी मेसेज ७० अक्षरांचाच, पण मोड्यूल त्यातलं प्रत्येक अक्षर चार हेक्स आकड्यांत पुढे करायचं, म्हणजे झाले २८०. उरलेले आकडे शेजारच्या जागेत घुसायचे आणि चिप भरकटायची. कारखान्यातल्या टेबलावर हे कधी दिसलंच नाही, तिथे चाचणीचे मेसेज इंग्रजीत. पुढे मी स्वतः प्रोग्राम लिहू लागलो तेव्हा सुरुवातीलाच सगळी मोकळी रॅम एका ठरावीक आकड्यानं भरायचो आणि भरपूर मेसेजचा मारा करून किती जागा अजून तशीच आहे ते मोजायचो. युक्ती जुनीच आहे. हल्ली मुलाखतीला येणाऱ्या पोरांना विचारलं की ती छताकडे बघतात.

भारनियमनानं तर कित्येकांची पापं झाकली. लाइट जायची, गळती लागलेली मेमरी आपोआप रिकामी व्हायची, पेटी पुन्हा शहाण्यासारखी वागायची. ज्यांनी बॅटरी बसवली त्यांचीच पेटी काही दिवसांनी अडकायची. त्यावर कारखान्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे रोज मध्यरात्री पेटीनं स्वतःच रीस्टार्ट व्हायचं! याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. नासाच्या स्पिरिट रोव्हरनं जानेवारी २००४ मध्ये मंगळावर रीस्टार्टचा सपाटाच लावला होता. फ्लॅशमध्ये फायली इतक्या साठल्या होत्या की त्यांची यादी रॅममध्ये मावेना. उठला की तीच यादी, पुन्हा रीस्टार्ट. शेवटी फ्लॅशला हात न लावता त्याला उठवलं आणि नको त्या फायली खोडल्या. आमचं सिम-नोकियाचं तंत्र याहून वेगळं नव्हतं.

आताच्या फोर-जी पेट्यांना अ‍ॅप लागतं, खातं लागतं, पासवर्ड लागतो. अडकल्या की हेल्पलाइनचं ठरलेलं उत्तर : अपडेट मारा. परवा एका मामांच्या मळ्यात गेलो तर पेटी ठणठणीत होती. फोनचं स्टोरेज गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी भरलेलं, म्हणून अ‍ॅप उघडेना. मी बसून एकेक फोटो खोडू लागलो. मामांचा मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, ‘काका, कशाला डोकं लावता? मोठ्या मेमरीचा घ्या म्हणून कधीचा सांगतोय मी यांना.’