एक हेल्मेट आणि दहा डोकी

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा गंमत झाली. एक काका फटफटीवरून आले. हेल्मेट होते, पण काखेत. डोक्यावर नव्हते.

"काय काका, डोकं काखेत का?" कोणीतरी विचारले. सारे हसले.

काका म्हणाले, "हसू नका. तुम्हीच घालून बघा. कपाळ असं ठणकतं की विचारू नका. पोलीस दिसला की घालतो, पुढं गेलो की काढतो."

मग ते हेल्मेट वर्गभर फिरले. दहा जणांनी घालून पाहिले. एका पोराला ते इतके सैल झाले की त्याने मान वळवली, पण हेल्मेट वळले नाही. एका वहिनींचा अंबाडा आड आला. आजींनी घातले तर ते नाकापर्यंत खाली आले. गिरणीवाल्या भाऊंना मात्र टोपीसारखे बसले.

काका म्हणाले, "म्हणजे माझंच डोकं वाकडं म्हणायचं!"

नाही काका. बैलाला जू नीट बसले नाही तर खांदा सुजतो. तेव्हा आपण बैलाला दोष देतो का? आपण जू बदलतो. तसेच हे आहे.

माणसांच्या डोक्यांचे आकार निरनिराळे असतात. कोणाचे डोके चेंडूसारखे गोल, तर कोणाचे पपईसारखे लांबट. दोघांच्या डोक्याचा घेर एकच भरेल, पण एकाचे हेल्मेट दुसऱ्याला बसणार नाही. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातले की कपाळ दुखते आणि कानांपाशी पोकळी राहते. काकांचे तेच झाले होते. अशा वेळी दुकानदार मोठा नंबर देतो. पण नंबर वाढवून काम होत नाही. कपाळ सुटते आणि बाकी सगळे सैल होते. खरा उपाय म्हणजे दुसऱ्या घडणीचे हेल्मेट घालून पाहणे.

सैल असले म्हणून काय बिघडले? बरेच बिघडते. हेल्मेटच्या कठीण कवचाच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. डोके आपटले की तो थर चेपतो आणि दणका स्वतः खातो. डोके त्याला लागून असले तरच हे काम नीट होते. मध्ये पोकळी असली की हेल्मेट सरकते. पट्टा बांधलेला नसला तर ते पडण्याआधीच उडून जाते. आणि एकदा दणका खाल्लेला थर पुन्हा फुगत नाही. वरून हेल्मेट नवे दिसले तरी ते टाकून द्यावे.

घेर मोजणे सोपे आहे. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटे धरा आणि मागे डोके जिथे सर्वांत फुगीर असते तिथून टेप फिरवा. जो आकडा येईल तो पाटीवर लिहा. ५६, ५८, ६० असा काहीतरी येईल. हेल्मेटच्या आत किंवा मागे असाच आकडा छापलेला असतो. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. दुकानदाराने सांगायची वाट पाहू नका, स्वतः वाचा. आयएसआय छापही पाहा. १ जून २०२१ पासून हा छाप नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकायला आपल्या देशात बंदी आहे. तरी रस्त्याकडेला टोपल्यासारखी हेल्मेटे टांगलेली दिसतातच.

मग हेल्मेट घाला, पट्टा बांधा, आणि दोन्ही हातांनी ते डावीकडे उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. मागची कड धरून पुढे ओढा. डोक्यातून निघून आले तर ते तुमचे नव्हे. गाल थोडे दाबले गेले तर घाबरू नका. आतली गादी वापराने बसते, म्हणून नवे हेल्मेट जरा घट्टच असावे. पण एकाच जागी टोचत असेल तर ते घेऊ नका. दुकानात दहा मिनिटे घालून उभे राहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

बायकांनी अंबाडा सोडून मानेपाशी सैल वेणी घालावी. फेट्यावर हेल्मेट बसत नाही. फेटा पिशवीत ठेवावा, लग्नघरी पोचल्यावर बांधावा.

आता तुम्ही विचाराल, कारखानदार सगळ्यांना बसेल असे एकच माप का काढत नाही? मधले, सर्वसाधारण माप घ्यावे म्हणजे झाले! ही युक्ती एकदा करून पाहिली गेली आहे. अमेरिकेच्या हवाई दलात विमानचालकाची बसायची जागा अशाच मधल्या मापाने केलेली असे. पण चालकांना विमान नीट हाकता येईना. म्हणून १९५० साली हजारो चालकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली ४,०६३ जणांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे. दहाही बाबतींत मधल्या मापाचे किती निघाले? एकही नाही! कोणाचे हात लांब तर पाय आखूड. कोणाची छाती रुंद तर मान बारीक. मधल्या मापाचा माणूस कागदावरच होता. तेव्हापासून खुर्ची पुढेमागे सरकू लागली आणि पट्टे कमीजास्त करता येऊ लागले. आज वस्तूला बक्कल, सरकता पट्टा, नाडी दिसते, ती शोभेसाठी नसते.

मोठमोठ्यांचीही अडचण होते, बरे का. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या दोन स्त्रिया अंतराळात यानाबाहेर जाऊन काम करणार होत्या. पण दोघींना बसेल असा मधल्या मापाचा पोशाख एकच तयार होता. बेत बदलावा लागला. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन स्त्रिया मिळून बाहेर गेल्या. तिथे कोणी म्हणाले नाही की चालेल, सैलच घाल. आपल्याकडे मात्र असे रोज म्हटले जाते.

गावच्या क्रिकेटच्या पोरांकडे पाहा. पॅडची जोडी एकच. उंच पोराला गुडघा उघडा राहतो आणि ठेंगण्याच्या मांडीला पॅड लागते. तो धाव घ्यायला निघाला की अडखळतो. तिथे निदान धावच जाते.

फवारणीत जीव जातो. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली. शेकडो दवाखान्यात गेली. कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण साधे होते. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पीक गुडघ्याएवढे असले की औषध खाली पडते. पीक डोक्यावर गेले की तेच औषध तोंडावर, छातीवर, पाठीवर येते. ठेंगण्या माणसाच्या अंगावर ते आधी आणि जास्त येते. म्हणून फवारायला कोण जाणार हे ठरवताना पिकाची उंची आणि माणसाची उंची दोन्ही पाहावी.

मास्कचेही तसेच. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे औषधाचा बोळा नाकाशी धरणे. दवाखान्यातला पातळ मास्कही विषारी वाफ अडवत नाही. डबी लावलेला मास्क लागतो. पण तोही चेहऱ्याला चिकटला तरच उपयोगी. दाढी वाढलेली असली की फट राहते. गाल बसलेले असले की बाजूने हवा शिरते. परीक्षा अशी: मास्क घाला, डबीचे तोंड तळहाताने झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक. गालाशी गार हवा लागली तर फट आहे. पट्टे आवळा. तरी फट राहिली तर दुसरे माप आणा.

हातमोजे मोठे झाले की नोझल उघडताना बोटे चालत नाहीत. मग माणूस मोजे काढतो आणि उघड्या हाताने काम करतो. दोष त्याचा नाही, मोज्यांचा आहे. गमबुटांचेही तेच. पुरुषांच्या नंबरचे बूट बाईने घातले की चिखलात पाय निघून येतो आणि बूट मागे राहतो. विजारीची टोके बुटात खोचू नका, बाहेर ठेवा. नाहीतर ओघळ थेट बुटात जातो.

बायांचा विचार तर कोणी करीतच नाही. औषध कालवायला, पाणी आणायला त्याच असतात. पण घरात संच आला तर तो धन्याच्या मापाचा. लुगडे भिजले की दिवसभर अंगाला औषध लागून राहते. निदान वरून पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ करा. ते कपडे वेगळे धुवा. सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे पाणीच सोळा किलो झाले, पंपाचे वजन वेगळे. अंगाने बारीक असलेल्या माणसाने तो अर्धाच भरावा आणि पट्टे आखूड करावेत, म्हणजे पंप कमरेवर आपटत नाही.

चक्कर, मळमळ, खूप घाम किंवा अंधूक दिसणे, यांतले काहीही झाले तर काम तिथेच टाका. कपडे उतरवा, अंग धुवा, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात काका वर्गात आले. डोक्यावर दुसरे हेल्मेट होते. "तालुक्याला पाच दुकानं फिरलो," ते म्हणाले. "पाचव्यात मिळालं."

"आणि जुनं?"

"गिरणीवाल्याला दिलं. त्याला बसलं होतं ना!"

मग आजी उठल्या. नातवाच्या गाडीवर मागे बसून त्या बाजाराला जातात. त्यांनी टेप मागितली, घेर मोजून घेतला आणि पाटीवर आकडा काढला. ५४.